क्रोमखालचे पितळ

तलवार खरी की बनावट हे सांगताना माझा आवाज कापत नाही. एरवी तो कापतो. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आणखी एक पोळी मागायची असली तरी मी मनात वाक्य जुळवत बसतो आणि अखेरीस मुकाट्याने भाताकडे वळतो. पण पाते हाती आले की माझ्यातला कोणी दुसराच माणूस जागा होतो. तो घाई करत नाही आणि कोणाची मर्जीही राखत नाही. त्याला जे दिसते ते तो सांगतो. मला त्याचा हेवा वाटतो.

चाकणच्या एका कारखान्यात मी मोजमापाच्या खोलीत काम करतो. त्या खोलीचे तापमान बारा महिने सारखे ठेवलेले असते, कारण उन्हाने पोलाद फुगते, थंडीने आकसते, आणि मग मापावर विश्वास ठेवता येत नाही. यंत्रातून उतरलेला प्रत्येक नमुना आधी त्या थंड शांततेत निवतो आणि मगच माझ्यासमोर येतो. माणसांनाही अशी एखादी खोली असती, तर मी त्यांच्याशी अधिक बोललो असतो, असे मला पुष्कळदा वाटते.

गुरुवारी आमच्या पट्ट्यातील बहुतेक कारखाने बंद असतात. त्या दिवशी मी थेरगावला, डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत, इंदुताईंच्या दुकानात जातो. घरे पाडून इमारती उभ्या राहतात, बैठ्या चाळींतली माणसे सातव्या-आठव्या मजल्यावर राहायला जातात, आणि वर जाताना जे बरोबर नेता येत नाही ते इंदुताईंकडे येते. घंगाळे, पितळी डबे, पाय तुटलेली शिलाई यंत्रे, कोणाच्या तरी आजोबांच्या चष्म्याच्या डब्या. मधूनच एखादी तलवार. तलवारी मी पाहायच्या, असे आमचे ठरलेले होते. त्याबद्दल मला चहा मिळे, आणि कोणी न बोलता बसू दिले याचे समाधानही.

"आले का आमचे मुके मास्तर!" त्या दिवशी मला पाहताच इंदुताई म्हणाल्या. "ये. आधी ही बघ. पिंपळे सौदागरला तो स्वराज म्हणून पोरगा हॉटेल काढतोय ना, त्याला भिंतीवर इतिहास टांगायचाय. ही मोगलांच्या काळातली म्हणून माझ्या गळ्यात मारलीय एकानं."

त्यांनी पुढे केलेली तलवार लांबलचक आणि भीषण होती. मी ती हातात घेतली आणि तोलाचा अंदाज येताच जवळजवळ परत देणार होतो. जुन्या कारागिराचे पाते मुठीपाशी जाड असते आणि टोकाकडे क्रमाक्रमाने पातळ होत जाते. म्हणून ती तलवार कितीही लांब असली तरी हाताला हलकी भासते. ही मात्र पत्र्यातून कापल्यासारखी सर्वत्र एकसारखी होती. मी जाडी मोजायचा व्हर्नियर लावून पाहिला, केवळ इंदुताईंच्या समाधानासाठी. मुठीच्या टोकाला, मातीने लिंपून झाकलेला, एक नट होता. गंज वरवरचा होता, आम्ल लावून एका रात्रीत आणलेला. कोपऱ्यांत, जिथे गंज सर्वांत आधी शिरायला हवा, तिथे पोलाद नवे कोरे चमकत होते.

"फार तर सहा महिन्यांची आहे," मी म्हणालो.

"म्हणजे माझ्या नातवाहून लहान!" इंदुताई खो खो हसल्या. "आणि मी हिला मोगलांची सासू समजून तेल लावत बसले होते."

दाराशी एक निळे पिंप उभे होते. त्यात लग्नात नवरदेवाच्या हाती देतात तसल्या तलवारी खोचलेल्या असत. मखमली म्यानांच्या, खोट्या खड्यांच्या. चहा येईपर्यंत मी सहज त्या चाळू लागलो. त्यांच्यात एक म्यान नसलेली होती. इतर तलवारींच्या निम्म्या उंचीची, सरळ, दुधारी, आणि मुठीपासून टोकापर्यंत मोटारसायकलच्या सायलेन्सरसारखी झगझगीत. तिच्यावर क्रोम चढवलेले होते. मी ती उचलली आणि माझे बोट आपोआप थांबले.

ती हलकी होती. तिचा तोल मुठीपासून चार बोटांवर येत होता. ज्याने ही घडवली त्याला ती कमरेला लावून मैलोगणती चालणारा माणूस ठाऊक होता.

मी ती उजेडात नेली. क्रोमच्या आधी कोणीतरी तिला बफ मारलेला, म्हणजे फिरत्या चाकावर घासलेले होते, त्यामुळे सगळ्या कडा मऊ झाल्या होत्या. तरी मुठीच्या आडव्या दांडीच्या दोन्ही टोकांवर तीन पाकळ्यांचे फूल होते आणि मध्यभागी मुकुटासारखा एक उंचवटा बोटाला लागत होता. डोळ्यांना जे दिसत नाही ते पुष्कळदा बोटाच्या पेराला दिसते. मी खिशातले लोहचुंबक काढले. पात्याला ते टपकन चिकटले. मुठीवरून निसटून गेले. म्हणजे पाते पोलादाचे आणि मूठ पितळी ओतकामाची. विजेरीच्या उजेडात आडव्या दांडीची खालची बाजू पाहिली. जिथे पाते मुठीत शिरते त्या सांदीत तांदळाच्या दाण्याएवढा एक ठिपका क्रोमवाचून राहिला होता. तिथून पिवळे पितळ दिसत होते. त्याच्या जवळच, झळाळीखाली बुजल्यासारख्या, दोन बाणांच्या खुणा होत्या. एकमेकांच्या टोकाला टोक भिडवून उभ्या असलेल्या.

मी ओळखली. या घडणीची छायाचित्रे मी अनेकदा पाहिली होती; प्रत्यक्ष एकदाच, संग्रहालयातल्या काचेआड. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी क्रोमकडे पाहून वाईटही वाटले.

"ताई, ही पिंपात ठेवू नका," मी म्हणालो. "ही इंग्रजी अमदानीतली आहे. पलटणीतली. शंभर-सव्वाशे वर्षं तरी झाली असतील."

"ही? ही तर नुसती सुरी दिसतेय! काळेवाडीच्या एका सुनेनं घर बदलताना भांड्यांच्या ढिगात घालून दिली. 'आमच्या ह्यांच्या लग्नातली असेल' म्हणाली. किती जाईल?"

"क्रोम नसतं, तर जाणकारानं चांगले पैसे दिले असते. आता निम्मेच. तरीही त्या लांबडीच्या वीसपट."

इंदुताईंनी तत्काळ फोन उचलला. "स्वराज, बेटा, तुझा इतिहास सापडला," असे त्या सांगत होत्या, तेवढ्यात दुकानासमोर रिक्षा थांबली.

रिक्षातून एक वृद्ध दांपत्य उतरले. म्हातारे उंच आणि ताठ होते. पांढराशुभ्र सदरा, खिशाला पेन, आणि हातांच्या पाठीवर जुन्या डागांची नक्षी. ते बोलण्याआधीच त्यांच्या पत्नी पुढे झाल्या. त्या ठेंगण्या होत्या आणि चिडलेल्या होत्या.

"काळेवाडीच्या मिनलनं हितंच भांडी दिली का? मी सासू तिची, सोजरबाई. हे आमचे मालक, अण्णासाहेब. सून आमची शिकलेली हाय, पर तिला घरातलं काय आन् भंगारातलं काय कळंना झालंय."

अण्णासाहेबांचे लक्ष त्यांच्याकडे नव्हते. ते माझ्या हाताकडे पाहत होते. त्यांनी फक्त दोन्ही तळवे पुढे केले, झोपलेले मूल घ्यावे तसे. मी तलवार त्यांच्या तळव्यांवर ठेवली.

"हीच," ते म्हणाले. "माझ्या आज्याची. पलटणीत होता आज्या."

"थांबा हं, अण्णासाहेब," इंदुताई म्हणाल्या. त्यांनी फोन पदरात दाबून धरला होता. "राग मानू नका. गेल्या महिन्यात एक जण असाच आला, 'आमच्या आईचं घंगाळ' म्हणत रडला, घेऊन गेला. आणि खरी मालकीण दुसऱ्या दिवशी दारात! मी आता पुराव्याशिवाय देत नाही. हिची काही खूण सांगा."

"खूण काय सांगायची? ही लढाईत मोडलेली हाय. आख्खी होती तवा कमरेपासून घोट्यापर्यंत यायची. आज्यानं लढाईत वार केला, पातं मोडलं, उरल्या तुकड्याला धार लावून आज्या लढला. माझ्या बापानं मला सांगितलंय. आमच्या सगळ्या भावकीला ठाव हाय."

इंदुताई माझ्याकडे वळल्या. "काय रे धनेश? मोडलेली आहे का?"

प्रश्न साधा होता. मोडलेल्या पात्याला नवे टोक काढले, तर ते लपत नाही. मूळ उतार कुठेतरी मध्येच संपतो, आणि जिथे संपतो तिथे पाते अजून जाड असते. मी तलवार पुन्हा मागून घेतली. काचेच्या कपाटावर ती ठेवून मुठीपासून टोकापर्यंत समान अंतरावर जाडी मोजत गेलो. प्रत्येक माप मागच्याहून किंचित कमी. कुठेही पायरी नाही, खंड नाही. नदी उथळ होत होत वाळूत विरावी तसे ते पोलाद टोकाशी येऊन संपत होते. ही तलवार एवढीच जन्मली होती.

म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता, भीतीही नव्हती. त्यांना उत्तर ठाऊक होते. मी 'हो' म्हणालो असतो, तर तलवार त्या क्षणी त्यांची झाली असती. पण ते 'हो' मोजमापात बसत नव्हते.

"नाही ताई," मी म्हणालो. "ही मोडलेली नाही. मुळातच एवढी आहे."

अण्णासाहेबांचे हात खाली गेले. सोजरबाई मात्र माझ्या अंगावर आल्या.

"तू कोण रं सांगणारा? लोहार का सोनार? मिसरूड फुटली न्हाई अजून नीट आन् आमच्या सासऱ्याला खोटं पाडतो व्हय?"

"मावशी, तो मोजून सांगतो," इंदुताई ओशाळून म्हणाल्या. "अण्णासाहेब, मग ही तुमची नसेल हो. दिसायला सारख्या असतात."

"सारख्या कशा असतील? ताई, ती माझी हाय!" त्यांचा आवाज प्रथमच चिरकला. मागे स्वराज फोनमधून 'हॅलो, हॅलो' करत होता.

माझ्यातला तो दुसरा माणूस अजून खाली बसला नव्हता. त्याला त्या हातांवरचे डाग दिसले होते. आम्लाने उठतात तसे ते डाग होते.

"आजोबा," मी विचारले, "हिच्यावर क्रोम कुणी चढवलं?"

"मी. भोसरीला प्लेटिंगच्या शॉपमधी जल्म गेला माझा. आमच्या वस्तीची जयंतीची मिरवणूक निघायची होती. म्हटलं, चौदा एप्रिलला आज्याची तलवार काळी का दिसावी? शिफ्ट संपल्यावर मालकाला विचारून बफ मारला, निकेल दिलं, क्रोम दिलं. मिरवणुकीत अशी लखलखली, की लोकं तोंडात बोटं घालत होती. तुमच्यासारख्या एकानं मग सांगितलं, की मी तिची माती केली."

"प्लेटिंगच्या बाथमध्ये टांगताना तार कुठं बांधली होती?"

ते थबकले. प्रश्नाचा रोख त्यांना कळला नव्हता, पण प्रश्न त्यांच्या धंद्यातला होता, आणि धंद्यातल्या प्रश्नाला त्यांनी धंद्यातल्यासारखेच उत्तर दिले. "जिथं तार लागती तिथं प्लेटिंग बसत न्हाई. म्हणून टोकाला बांधायची न्हाई, मुठीलाबी न्हाई, सगळ्यांना दिसतं. मी आडव्या दांडीच्या खाली बांधली. पातं आत शिरतं त्या खाचेत. म्यानात घातली की झाकून जाती. तेवढा एक ठिपका कोरा राह्यला आसंल."

त्या ठिपक्याविषयी मी कोणापाशी अवाक्षर काढले नव्हते. मी विजेरी लावली, तलवार उलटी धरली आणि इंदुताईंना जवळ बोलावले. त्यांनी डोळा बारीक करून पाहिले. मग पदरातला फोन कानाला लावला.

"स्वराज, बेटा, ठेव फोन. हिची माणसं न्यायला आलीत."

मिनलला दिले होते तेवढेच पैसे त्यांनी परत मागितले, तेही भांड्यांच्या हिशेबातून वळते करून. सोजरबाईंनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आदी खोटं पाडायचं आन् मंग खरं करायचं. वकील का न्हाई झाला रं तू?" पण त्यांच्या आवाजातली धार उतरली होती. इंदुताईंनी चहा सांगितला. काम इथे संपायला हवे होते.

ते संपले नाही. अण्णासाहेब स्टुलावर बसले, तलवार मांडीवर आडवी घेतली आणि माझ्याकडे न पाहता बोलले.

"ही माझीच हाय. मग मोडलेली कशी न्हाई?"

मी व्हर्नियर पुसून खिशात ठेवू लागलो.

"तुला ठाव हाय. मघा मोजताना तुझ्या तोंडावर दिसलं मला. तू थांबलास. बोल."

"गाव कुठलं तुझं?" सोजरबाईंनी मध्येच विचारले.

मी चाकणजवळच्या आमच्या गावाचे नाव सांगितले. आडनावही सांगावे लागले. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्या पाहण्यात वैर नव्हते, फक्त जुनी माहिती होती. ती माहिती माझ्यापाशीही होती. आमच्या घराण्यात लग्न असले की गावाबाहेरच्या वस्तीला सांगावा जाई. तिथली माणसे हलगी घेऊन येत आणि मांडवाबाहेर उभी राहून वाजवत. माझ्या आजोबांच्या लग्नापर्यंत ते चालले. त्यानंतर त्या माणसांनी यायचे नाकारले. आमच्या घरात ही गोष्ट तक्रारीच्या सुरात सांगितली जाते. लहानपणी मी ती जेवताना ऐकली आहे.

आणि आता मला, त्या घरातल्या मुलाला, या माणसाला सांगायचे होते की तुमच्या आजोबांच्या कमरेला जी तलवार होती ती वाजवणाऱ्याची होती. मोजमापाच्या खोलीत असे कधी घडत नाही. तिथे मापाला वाडवडील नसतात.

तरी मी बोललो. हळू बोललो, पण बोललो.

"आजोबा, पायदळाच्या शिपायाला अशी तलवार देत नसत. अधिकाऱ्याची असती तर लांब असती. ही आखूड, दुधारी, पितळी मुठीची. टोकांना ही तीन पाकळ्यांची फुलं. ही पलटणीत ड्रम वाजवणाऱ्याला मिळायची. तुमचे आजोबा ड्रम वाजवत असावेत."

रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. इंदुताईंनी कपबशी अलगद खाली ठेवली.

"वाजवणारा?" सोजरबाई म्हणाल्या. एवढा एकच शब्द, आणि त्यात किती पिढ्यांचे उंबरठे होते ते मला ऐकू आले.

अण्णासाहेब पात्यात पाहत होते. त्या आरशासारख्या क्रोममध्ये त्यांचा चेहरा लांबट आणि अरुंद दिसत होता.

"माझ्या बापानं हलगी फोडली," ते म्हणाले. "मी बारा वर्सांचा होतो. बाबासाहेबांनी धम्म दिला, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात. गावातून बोलावणं आलं, पाटलाच्यात मयत झाली होती. बाप आतनं हलगी घेऊन आला, आमाला वाटलं निघाला. त्यानं दगडावर आपटली. म्हणला, आता ह्या घरात कोन वाजवनार न्हाई. तवापासनं आमच्यात कुनी ताटबी वाजवलं न्हाई." त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. "माझा बाप आज्याच्या मांडीवर मोठा झालेला. त्याला ठाव आसणारच. पलटणीतली आमच्या लोकांची भरती बंद झाली, आज्या गावी आला, आन् गावानं पुन्हा हातात हलगी दिली. आता ज्यानं हलगी फोडली, त्यानं पोराला कसं सांगावं, की आज्या पलटणीतबी वाजवत होता? तलवार तर आखूड. म्हणून मोडून टाकली त्यानं. तोंडानंच."

सोजरबाईंनी पदराने नाक पुसले, पण त्या रडत नव्हत्या. त्या विचार करत होत्या.

"आन् सहासष्ट वर्सं मी भावकीत ती मोडत आलोय," अण्णासाहेब म्हणाले. मग त्यांनी मान वर करून मला विचारले, "मंग किंमत कमी झाली म्हणायची हिची."

मी त्या प्रश्नासाठी तयार नव्हतो, पण उत्तर तयार होते. ते माझ्या तोंडून इतक्या सरळपणे आले, की मला स्वतःलाच नवल वाटले.

"नाही. वाढली. घोडेस्वारांच्या तलवारी ढिगानं मिळतात. अशा कमी बनल्या आणि त्याहून कमी उरल्या. मोडलेली म्हणून विकायला गेला असता, तर माझ्यासारख्यानं मोजली असती आणि सगळंच खोटं ठरवलं असतं, तलवारही आणि आजोबाही. आता काहीच खोटं ठरवता येणार नाही."

ते ऐकत होते. मी पुढे सांगितले, कारण आता थांबणे मला शक्य नव्हते. ज्या काळात लाउडस्पीकर नव्हते, त्या काळात हजार माणसांनी कधी चालायचे आणि कधी थांबायचे हे ड्रम सांगे. चालताना ड्रम वाजवणारे पुढे असत, आणि लढाई पेटली की वाद्य बाजूला ठेवून पडलेल्यांना उचलून आणत. "मांडवाबाहेर उभं राहून वाजवणं आणि पलटणीपुढं चालत वाजवणं, ह्यात फरक आहे," मी म्हणालो. आमच्या मांडवाचा उल्लेख माझ्याच तोंडून झाला होता. तो मी परत घेतला नाही.

"आणि हे बघा." मी विजेरी धरली. "हे दोन बाण. एक बाण म्हणजे सरकारी माल. त्याच्या टोकाला टोक लावून दुसरा मारला, की तो माल सरकारनं रीतसर विकला. ही कुणी चोरली नाही, कुणा साहेबानं बक्षीसही दिली नाही. कुणीतरी पैसे मोजून घेतली. ते तुमचे आजोबाच होते असं तलवार सांगत नाही. नाव तिच्यावर नाही. पण तुमच्या घरात ती आली आहे."

"इकत घेतली," अण्णासाहेब स्वतःशी म्हणाले. "गावाला जाताना."

"जुन्या बाजारातच!" इंदुताई न राहवून म्हणाल्या. "म्हणजे माझ्याच धंद्यातली निघाली की."

सोजरबाई हसल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या मांडीवरून तलवार उचलली, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तिचे वजन करून पाहिले. "बाईला पेलंल अशी हाय," त्या म्हणाल्या. "मोडलेली म्हणून मी कदी हात लावला न्हवता. अपशकुन वाटायचा."

मी सांगितले की क्रोम उतरवता येते. भोसरीतच कोणी काळजीने करील. खालचे पितळ जुने होऊ दिले की जाणकार तिला पूर्ण किंमत देतील. अण्णासाहेबांनी माझे बोलणे संपू दिले आणि मान हलवली.

"ऱ्हाऊ दे. खाली आज्याचं काम, वर माझं. दोघांनीबी पगारावरच केलं." मग ते म्हणाले, "विहारात काचेचं कपाट केलंय नवीन. तिथं ठिवायची हाय. पुढच्या रविवारी येशील? मी भावकीला काय सांगितलं होतं ते त्यांना ठाव हाय. आता नवं सांगताना बाजूला कुनी तरी मोजणारा पायजे. मला एकट्याला खोटं पाडतील."

दहा माणसांसमोर उभे राहायचे या कल्पनेने एरवी माझे तळवे ओले झाले असते. ते झालेही. मी येतो म्हणालो.

इंदुताईंनी तलवार वर्तमानपत्रांत गुंडाळून सुतळीने बांधून दिली. रस्त्यात पोलिसांनी अडवले तर दुकानाचा नंबर द्या, असेही सांगितले. मी त्या दोघांना रिक्षापर्यंत पोचवायला गेलो. कागदातून मूठ बाहेर राहिली होती आणि दुपारच्या उन्हात ती डोळे दिपवत होती. रिक्षावाला तरुण होता, कानात बाळी घातलेला. त्याने आरशातून पाहिले आणि डोळे मिचकावले.

"काय अण्णा, नातवाचं लग्न का? लई भारी तलवार काढलीय राव!"

अण्णासाहेब आत बसले. त्यांनी पुडके दोन्ही गुडघ्यांत उभे धरले. ओठ एकदा उघडून मिटले. मी रिक्षाच्या दांडीवर हात ठेवून उभा होतो. त्या पोराला काहीही सांगितले असते तरी चालले असते. लग्न आहे म्हटले असते, लढाईतली आहे म्हटले असते.

"लग्न न्हाई," ते म्हणाले. "माझा आज्या पलटणीत ड्रम वाजवायचा. त्याची हाय ही."

"आयला! खरीखुरी?"

"मग? खोटी आसती तर रिक्षानं न्हेली असती व्हय?" सोजरबाई म्हणाल्या. त्या पुढे वाकल्या आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर बोट आपटले. "आन् आख्खी हाय, बरं का. लोकं काय बी म्हणत्यात. चल आता, पुढं बघून चालव."